मामांचं प्रायमिंग

माझ्या मामांनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्या वाक्यात सांगितलेली नाही. दुसऱ्या नाही, पाचव्याही नाही. आमच्या नात्यातल्या निम्म्या माणसांना रक्तदाबाचा त्रास आहे आणि डॉक्टर मंडळी त्याचं खापर जेवणातल्या मिठावर फोडतात. मीठ बिचारं निर्दोष आहे. खरं कारण सावद्याला राहतं, केळी पिकवतं आणि आम्हाला फोन करतं. मी धुळ्याला एका कचेरीत नोकरी करतो. दुपारी डबा खाऊन जरा सुस्तावलो की फोन वाजतो आणि पलीकडून मामांचा तो मऊ, दबका, तेरवीच्या पंगतीत वाढप्याचा असतो तसा आवाज येतो. "भाच्या, बसेल हाये ना?" मी म्हणतो, बसलोय. "खुर्चीले हात हाये का?" आहेत. "जवळ पाणी हाये? एक घोट पिऊन घे." मी पितो. मग मामा घरातल्या प्रत्येकाची तब्येत विचारतात, त्यातही माझ्या आईची दोनदा. मग सुस्कारा. मग, "हे पाहे, देवाच्या मनात जे असते ते काही चुकत नाही. आपून मन घट्ट करा लागते." समोरची फाइल दिसेनाशी होते, शेजारच्या टेबलावरचे साहेब विचारतात, काय हो, कोणी गेलं का? आणि तेवढ्यात मामा मुद्द्यावर येतात. "तुझ्या मामीच्या लोणच्याले बुरशी आली."

लोणच्याला! मी फोन ठेवून बाहेर जाऊन उभा राहतो. लोणच्याची बरणी गेल्याचं दुःख करायला माझ्यात त्राण उरलेलं नसतं. एकदा न राहवून मी मामांना विचारलं की मामा, ही एवढी मोठी प्रस्तावना कशासाठी? त्यावर ते दुखावले. म्हणाले, "प्रस्तावना नाही रे. प्रायमिंग. माणसाले एकदम सांगितलं तर धक्का बसते."

हा शब्द त्यांना दोन ठिकाणांहून मिळाला आणि दोन्हीकडून एकदम मिळाल्यामुळे तो कायमचा चिकटला. तरुणपणी ते वरणगावकडे दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होते. काडतुसाच्या बुडाशी बायकांच्या टिकलीएवढी एक पितळी टोपी बसवतात, तिला म्हणतात प्रायमर. घोडा त्या टिकलीवर आपटतो, टिकली पेटते, मग आतली दारू पेटते, मग गोळी जाते. मामा सांगायचे, दारू कितीही ठासून भरा, टिकली नसेल तर काडतूस म्हणजे नुसती तपकिरीची डबी. याहून जास्त ते सांगत नसत, कारण सरकारी गुपित. पण हे एवढंसं गुपितही सांगण्याआधी ते उठून दार लावून घेत, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटे, आता लढाईच सुरू होणार. सुट्टीच्या दिवशी हेच मामा सावद्याच्या शेतात विहिरीवरच्या मोटरीला पाणी पाजत. ज्यांच्या घरी शेत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीच्या काठावर बसवलेल्या जुन्या मोटरीच्या पोटात हवा असली तर ती नुसती घरघरते, पाणी ओढत नाही. म्हणून सुरू करण्याआधी वरच्या नरसाळ्यातून तिच्यात बादलीभर पाणी ओतायचं, हवा बाहेर काढायची, मग बटण दाबायचं. पाइपाच्या तळाशी विहिरीत एक झडप असते, तिला आमच्याकडे फूटवॉल म्हणतात. तो ओतलेलं पाणी धरून ठेवतो. तो गळका झाला की रोज सकाळी मोटरीला पुन्हा पाजणं आलं. या पाजण्यालाही म्हणतात प्रायमिंग. म्हणजे आठवडाभर बंदुकीचं आणि रविवारी विहिरीचं. एकच शब्द आगीलाही लागतो आणि पाण्यालाही लागतो, हे लक्षात आलं त्या दिवशी मामांचं जे काही व्हायचं ते होऊन गेलं. गावानेही त्यांचं नाव प्रायमिंग नाना ठेवून टाकलं.

आजूबाजूच्या सगळ्या शेतांत पाण्यात बुडणाऱ्या नव्या मोटरी आल्या, बटण दाबलं की पाणी. मामांनी ती विहिरीवरची म्हातारी काढली नाही. म्हणत, "जिले आधी पाणी पाजा लागत नाही, तिच्यावर माहा भरोसा नाही. ती कधीबी दगा देईन." पुढे घराला रंग द्यायचा ठरला तेव्हा रंगारी म्हणाला, आधी प्रायमर मारू. झालं! मामांनी खुर्ची टाकून सगळा प्रायमर स्वतः देखरेख करून मारून घेतला, एक हात, दुसरा हात, कोपरे वेगळे. आणि भिंती इतक्या तयार झाल्या की रंग देण्याची त्यांना घाई वाटेना. भिंतींना थोडं मुरू द्या, म्हणाले. कित्येक वर्षं ते घर तसंच पांढरं फटक उभं होतं आणि पोस्टमन त्याला दवाखाना समजून सरकारी औषधांची पत्रकं टाकून जाई. मामी वैतागून म्हणायची, नवरीला हळद लागली आणि नवरदेव अजून गावातच यायचा आहे, अशी माझ्या घराची गत.

ही मामी धुळ्याकडची. मामांच्या घरात दोन बोली नांदत. मामा सावद्याकडचं बोलत, मामी अहिराणी. मामा म्हणायचे 'हाये', मामी म्हणायची 'शे', आणि भांडण झालं की ज्याची बोली जोरात तो जिंकला. बहुधा मामीच जिंकायची, कारण ती पहिल्या वाक्यातच मुद्द्यावर यायची आणि तोवर मामांचं पाणी पाजणं चाललेलं असायचं.

त्यांना एकच मुलगी. ती जळगावला मानसशास्त्र शिकायला गेली आणि एकदा सुट्टीत येऊन तिनं बापाच्या हातात कोलीतच दिलं. म्हणाली, "आबा, आमच्या अभ्यासातही प्रायमिंग आहे. माणसाला आधी एक शब्द ऐकवला की त्याच्याशी जुळणारा दुसरा शब्द त्याला पटकन सुचतो. बघा हं, मी म्हणते पिवळं. आता तुम्ही एक फळ सांगा." मामा म्हणाले, केळी. ती टाळी वाजवून म्हणाली, बघा, पिवळं म्हटल्यामुळे झालं! मामांनी शांतपणे समजावलं की बाई, हे सावदा आहे. इथं कोणाला झोपेतून उठवून विचार, काळं म्हणून विचार, निळं म्हणून विचार, तो केळीच म्हणेल. त्याचं प्रायमिंग जन्माच्या आधी झालेलं असतं. पण तिच्या शास्त्रात आपला शब्द आहे याचा त्यांना इतका आनंद झाला की ते यावलच्या बसमध्ये अनोळखी माणसांना पिवळं, पिवळं म्हणून हटकू लागले. दोन बायांनी जागा बदलली. त्याच मुलीच्या लग्नात नवरीला सजवायला आलेल्या पार्लरवाल्या पोरीनं आतून आवाज दिला, "काकू, जरा थांबा, आधी प्रायमर लावते." बाहेर व्याह्यांशी बोलत असलेले मामा ताडकन उठले, दार ढकलून आत गेले आणि त्या पोरीला विचारलं, "कोनता? लाकडाचा का लोखंडाचा?" त्या पोरीच्या हातातून ब्रश पडला. व्याह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला तो अक्षता पडेपर्यंत परत आला नाही.

पण या सगळ्यावर कडी झाली ती त्या फोनची. त्या वेळी माझी आई, म्हणजे मामांची थोरली बहीण, घरी एकटी होती. मामांनी तिलाच फोन केला. पुढं आईनं मला तो शब्दन् शब्द सांगितला आणि आजही मला तो पाठ आहे. "अक्का, बसेल हाये ना? मन घट्ट कर. कालपर्यंत चांगली होती वं. सकाळी मी सोताच्या हातानं पाणी पाजलं, पण तिनं धरलं नाही. पुन्हा पाजलं. नुसती घरघर लागली. मंग एकदम गरम झाली. आन् गेली." आईच्या हातातून फोन गळाला. शेजारणीनं कळवल्यावर मी कचेरीतून धावत आलो तर आई जमिनीवर बसलेली. आम्ही जीप केली, वाटेत जळगावहून दोघं-तिघं नातेवाईक घेतले, कोणी टॉवेल खांद्यावर टाकलेला, कोणी न जेवता निघालेलं. मामीला शेवटची कधी भेटलो होतो ते मी आठवत होतो. सावद्यात शिरल्यावर वळणावरूनच आईनं हंबरडा फोडला, "माह्या वयनी वं ऽ ऽ!"

तो हंबरडा ऐकून पिठाच्या हातांनी घरातून बाहेर आली ती मामी. आम्ही जीपमध्ये थिजलो. आईचे डोळे पदराआड होते, तिनं काही पाहिलं नाही. ती तशीच जाऊन समोर येईल त्या बाईच्या गळ्यात पडली. आणि मामी खानदेशातली रीतीची बाई. नणंद दारात रडत आली म्हणजे नात्यातल्या कोणाचं तरी बरंवाईट झालं असणार, अशा वेळी आधी रडायचं आणि मग विचारायचं. तिनंही गळा काढला. दोघी एकमेकींना धरून असं रडल्या की गल्लीतल्या बाया पदर सावरत गोळा झाल्या. चांगला वेळ रडून झाल्यावर मामीनं आईच्या कानाशी तोंड नेऊन हळूच विचारलं, "कोन गयं वं अक्का?" आई हुंदके देत म्हणाली, "तूच गेली ना वं!"

आधी मामीच हसायला लागली. ती हसत हसत ओट्यावर बसली, तिला ठसका लागला, आई तिला मारतही होती आणि मुकेही घेत होती. एवढ्यात हाताला ग्रीस लागलेले मामा शेतातून आले. एवढी माणसं बघून त्यांना वाटलं, आपल्या दुःखात सामील व्हायला आली. "मोटर गेली ना अक्का," ते गहिवरून म्हणाले, "वाइंडिंग जळलं." मी ओरडलो, मामा, मग आधी मोटर म्हणायचं ना! "म्हननारच होतो. अक्कानं फोन ठेवून देला," मामा म्हणाले, "मुद्दा शेवटी असते." त्या दिवशी मामीनं आपल्याच दहनाला आलेल्या जीपभर माणसांना वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी करून वाढली. आग्रह करकरून वाढत होती आणि म्हणत होती, पोटभर जेवा, पुढच्या वेळी वाढायला मी नसेन. सगळे हसत होते. मीही हसलो.

मग एका उन्हाळ्यात मामीला धाप लागू लागली. ओट्यावरून न्हाणीपर्यंत गेली तरी थांबून भिंतीला धरी. आम्ही तिला जळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्यावर मामीला बाहेर बसवून डॉक्टरांनी मला आणि मामांना आत घेतलं. हृदयाची एक झडप गळतेय, म्हणाले. रक्त पुढे ढकललं की थोडं मागं येतं, म्हणून हृदयाला दुप्पट काम पडतं. झडप बदलावी लागेल. फार दिवस थांबलात तर हृदय थकेल, मग काही करता येणार नाही. मामांचं तोंड पांढरं पडलं. ते म्हणाले, "म्हन्जे फूटवॉल." डॉक्टर रावेरकडचेच असावेत. म्हणाले, हो, फूटवॉलच समजा. मामांनी टेबलाची कड धरली. "तिले कोनी काही सांगायचं नाही. एकदम सांगितलं तर हाये तो फूटवॉलबी जाईन. मी सांगतो. प्रायमिंग करून सांगतो."

इथं मला पहिल्यांदा मामांची खरी भीती वाटली. ज्या माणसाला लोणचं सांगायला अर्धा तास लागतो, त्याला हे सांगायला किती लागणार? मी रोज फोन करायचो. सांगितलं का? "चालू हाये," मामा म्हणायचे. आधी त्यांनी मामीला शेजाऱ्याच्या म्हशीची गोष्ट सांगितली. तिचं ऑपरेशन झालं, आता दूध वाढलं. मग विहिरीतून फूटवॉल काढून आणला, धुऊन पुसून तिच्यासमोर ओट्यावर ठेवला आणि तिला त्याचं झिजलेलं चामडं दाखवलं. "पाहे, एवढंसं गेलं तर आख्खी मोटर बेकार. नवीन टाकलं का पुन्हा तीस वर्स बेफिकीर." मामी भाजी निवडता निवडता म्हणाली, टाका मग नवीन, माझ्या ओट्यावर कशाला घाण करता. दिवस चालले होते. मला झोप लागेना. आणि मामा फोनवर भलतंच रडगाणं गाऊ लागले. "तुझ्या मामीचं डोकं फिरलं भाच्या. मले म्हने चहा करा. भात टाका. मीठ कुठी हाये, हिंग कुठी हाये, रोज इचारते. आज वरन घोटाले लावलं. पानचट झालं तर मलेच बोलते." मला वाटलं, धापेमुळे तिच्यानं होत नसेल. दवाखान्यातून निरोप आला, तारीख धरून ठेवली आहे, पेशंट कधी आणताय? मग मात्र मी संतापलो. पहिली बस धरली आणि सावदा गाठलं. आज मी एका वाक्यात सांगून मोकळा होणार होतो.

मामा शेतात गेले होते. मामी ओट्यावर बसून दम घेत होती. मी तिच्यासमोर बसलो, तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून काय निघावं? "मामी, पाणी प्यालीस ना?" मी स्वतःच दचकलो. मामी एकदम हसली.

"काळीजना फूटवॉल बिघडना, आसंच ना बापू?" ती म्हणाली. "माले ठाऊक शे."

तपासणी करणारी मुलगी धुळ्याकडची निघाली होती. आपल्या बोलीतली बाई भेटल्यावर तिनं पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं होतं. म्हणजे मामा ज्या बातमीसाठी म्हशीपासून सुरुवात करत होते, ती मामीनं दवाखान्याच्या बाकावरच पचवली होती. मग बोलली का नाहीस? दवाखान्यात का येत नाहीस? मी जवळजवळ ओरडलोच. मामीनं दाराकडे बघून घेतलं.

"त्यासनं प्रायमिंग व्हवाले पाहिजे ना पहिले," ती म्हणाली. "चहा जमस. भात जमस. वरन आजून पानचट व्हस. मी नही ऱ्हायनू ते उपाशी मरतीन ना त्या. वरन जमनं का मंग जाऊत."

म्हणजे वरण जमल्याशिवाय ती ऑपरेशनला जाणारच नव्हती. घरात दोन माणसं एकमेकांना एकाच गोष्टीसाठी तयार करत होती, तो फूटवॉल दाखवून आणि ती हिंगाचा डबा दाखवून. मी तिला लगेच चलण्याची शपथ घातली. संध्याकाळी मामांनी वरण केलं, मामीनं बोट बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, जमलं नाही, पण डॉक्टर काही थांबायचा नाही, चला. मामा चमच्यासकट खाली बसले. "तुले कोनी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "तुमीच," मामी म्हणाली. आणि ते त्यांना खरं वाटलं. आपलं प्रायमिंग लागू पडलं, असं ते आजही समजतात.

ऑपरेशनच्या दिवशी एक तरुण तंत्रज्ञ आम्हाला समजावून सांगत होता. हृदय थोडा वेळ बंद ठेवतो, तेवढा वेळ त्याचं काम यंत्र करतं. "आता मी जातो काका. मशीनचं प्रायमिंग करायचंय." मामांनी त्याचा हात घट्ट धरला. काय म्हटलं? तो गोंधळला. म्हणाला, प्रायमिंग, काका. नळ्यांमध्ये आधी पाण्यासारखा द्रव भरून सगळी हवा काढून टाकायची. एक बुडबुडा राहून चालत नाही. मामा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग हात सोडून त्याच्या डोक्यावर ठेवला. आणि सकाळपासून येरझाऱ्या घालणारा माझा मामा बाकावर टेकला, पाय सरळ केले आणि मला म्हणाला, "आता फिकर नाही."

दुपार टळल्यावर दार उघडलं. टोपी घातलेले सर्जन बाहेर आले, जाता जाता म्हणाले, "झालं. छान बसली झडप. बाई ठीक आहेत," आणि निघून गेले. मामा माझ्याकडे वळले. "याच्या आधी काही बोलले का ते?" नाही, मामा. "आसं एकदम?" एवढं म्हणून ते फरशीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. आयुष्यभर लोकांना धक्का बसू नये म्हणून झिजलेल्या माणसाला चांगल्या बातमीचा धक्का सोसला नाही.

घरी आल्यावर मामीनं पहिला हुकूम काढला. डॉक्टरांनी धक्का नको म्हणून सांगितलंय आणि या घरात धक्के एकाच माणसाकडून बसतात. "आते सरळ बोला. तुमनं प्रायमिंग बंद." मामांनी तो पाळला. मला फोन यायचे, "भाच्या, लोणच्याले बुरशी आली. ठेवतो." बस्स. दार न वाजवता कोणी घरात शिरावं तसा मी दचकायचो. खरं सांगतो, मला ते जुने फोन आठवायचे. माझी आई, माझी पोरं, माझी भूक, सगळ्यांची विचारपूस त्या प्रस्तावनेतच व्हायची. सरळ बोलण्यात ती कुठेच बसेना. मामी मात्र खुशीत होती. शांत खोलीत तिच्या छातीतली नवी झडप घड्याळासारखी टकटकायची. घराला शेवटी रंगही लागला, पिवळा. स्वयंपाकाचं काम तिनं पूर्ण परत घेतलं नाही. वरण मामांकडेच राहिलं आणि ते अजून पानचटच होतं. मी गेलो की मामी मला वाटी देऊन विचारायची, सांग, जमलं का? मी म्हणायचो, जमलं. ती म्हणायची, तू मामाचाच भाचा.

अशी काही वर्षं गेली. गेल्या थंडीत, दुपारची वेळ, डबा नुकताच झाला होता. फोन वाजला.

"भाच्या," मामा म्हणाले, "बसेल हाये ना?"

मी उभा होतो. खाली बसलो.

"खुर्चीले हात हाये का?"

"आहेत मामा."

"पाणी पिऊन घे."

मी पेला उचलला. "मामा," मी विचारलं, "मोटर गेली का?" देवा, मोटर असू दे, असं मी त्या क्षणी जितक्या जिवानं म्हटलं तितकं कधी कशासाठी म्हटलं नसेल.

"नाही रे," मामा म्हणाले. "मोटर चालू हाये. पाणी भरपूर हाये." मग म्हणाले, "केळीले थंडी लागून राहिली यंदा. पानं पिवळी पडली. अक्काचे गुडघे कसे हाये? अक्काले सांग, तेल लाव म्हना." मी म्हटलं, सांगतो. "पोरं शाळेत गेली?" गेली, मामा. शेजारचे साहेब माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली, काही नाही म्हणून.

"सकाळी वरन केलं होतं," मामा म्हणाले. "तुझ्या मामीनं बोट लावून चाखलं. म्हने, आते जमनं."

आयुष्यभर या माणसाला मी म्हणत आलो, मामा, मुद्द्यावर या. आज मला वाटलं, त्यांनी कधीच येऊ नये. ते बोलत होते तोवर सावद्याच्या त्या पिवळ्या घरात मामी वरणाची वाटी घेऊन ओट्यावर बसली होती. मी पेला खाली ठेवला आणि खुर्चीचे हात धरले.

"मामा," मी म्हटलं, "हळद किती टाकली होती?"

आणि मामा सांगू लागले.